अकालज अर्भकांचे फुप्फुस व मेंदू : एका औषधाचा इतिहास

१९६७ साली कॅलिफोर्नियातील नॉर्थवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकाली जन्मलेल्या अर्भकांतील एका नव्या फुप्फुसविकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. ब्रॉन्कोपल्मनरी डिसप्लेसिया हे त्याचे नाव. श्वसनयंत्र व प्राणवायूची मोठी मात्रा यांच्या बळावर ही बालके पहिल्या संकटातून वाचत. परंतु पुढे कित्येक आठवडे त्यांची यंत्रापासून सुटका होत नसे. हा विकार जितका अकालजन्माचा, तितकाच उपचाराचाही होता.

१९८० नंतरच्या दशकात त्यावर डेक्सामेथॅसोन देण्यात येऊ लागले. थोड्याच दिवसांत बालक यंत्रावाचून श्वास घेऊ लागे. असा डोळ्यांदेखत येणारा गुण कोणास मोह पाडणार नाही? शिवाय प्रसूतीपूर्वी मातेस स्टिरॉइड दिल्याने अर्भकाचा श्वसनविकार टळतो, हे लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली दाखविले होते. त्या यशाची पुण्याई या सर्वस्वी निराळ्या उपचारास लाभली असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

फुप्फुसाचा गुण आठवड्यात कळतो; मेंदूची हानी मात्र मूल चालू-बोलू लागेपर्यंत दृष्टीस पडत नाही. तैवानमधील ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दोन वर्षांच्या मुलांतील स्नायुचालनाचे दोष नोंदविले, आणि २००४ साली शालेय वयातील लहान डोके व कमी बुद्ध्यंक. तत्पूर्वी २००२ सालीच अमेरिका व कॅनडा येथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी सरसकट वापराविरुद्ध मत दिले होते.

तथापि औषध टाळले म्हणजे मेंदू सुरक्षित राहिला, असे नव्हे. रोगट फुप्फुसामुळे रक्तातील प्राणवायू वारंवार खालावतो, पोषण खुंटते, दाह रेंगाळतो. आणि मेंदूतील श्वेतद्रव्य घडविणाऱ्या कोवळ्या पेशी याच काळात अत्यंत नाजूक असतात. २००५ साली डॉयल व सहकाऱ्यांनी पूर्वीच्या प्रयोगांची फेरमांडणी केली, तेव्हा असे आढळले की, फुप्फुसविकाराचा धोका अल्प असलेल्या बालकांत डेक्सामेथॅसोनने मृत्यू वा मेंदूजन्य पक्षाघाताचे प्रमाण वाढते, तर धोका फार मोठा असल्यास ते घटते. एकाच औषधाविषयीची दोन परस्परविरुद्ध मते अशा रीतीने एकाच वेळी खरी ठरली.

श्वास थांबण्याच्या विकारावर देण्यात येणाऱ्या कॅफीनचा इतिहास याहून निराळा आहे. २,००६ बालकांवरील प्रयोगात त्याने फुप्फुसविकार कमी झाला, आणि २००७ सालच्या निष्कर्षांनुसार मेंदूजन्य पक्षाघात ७.३ वरून ४.४ टक्क्यांवर आला. पाचव्या वर्षीच्या पाहणीत एकूण लाभ निश्चयाने सांगण्याजोगा उरला नाही. अकराव्या वर्षी मात्र हालचालींतील दोष कॅफीन मिळालेल्या मुलांत पुन्हा कमी आढळले.