बॉम्बे रक्तगट
लाल पेशींवर ‘एच’ प्रतिजन नसलेला दुर्मीळ आनुवंशिक रक्तगट, डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत नोंदवला. १९ व्या गुणसूत्रावरील एका जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तरच तो प्रकटतो. आईवडिलांचा रक्तगट नेहमीचा, मग मुलात हा आला कुठून, हा आक्षेप टिकत नाही: दोघांकडेही एकेक सदोष प्रत लपलेली असू शकते, तेव्हा प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता २५ टक्के. कोल्हापूर परिसराला परिचित असलेल्या मामे-आतेभावंडांच्या विवाहात आजी-आजोबा सामाईक, म्हणून दोघांकडेही सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. अर्थात विवाह दोष घडवत नाही, असलेला उघड करतो. अशा विवाहांतील बहुतेक अपत्ये निरोगीच असतात. नेहमीच्या तपासणीत हा गट ‘ओ’ भासतो, अँटी-एच द्रव घातल्यावरही पेशींच्या गुठळ्या होत नाहीत तेव्हा उलगडा होतो. अशा रुग्णाला ‘ओ’ रक्तही चालत नाही; याच गटाचे लागते.