फिलोनोरिक्टर मेस्सानिएला

ओकच्या पानांत वाढणारा अतिसूक्ष्म पतंग. कुल ग्रॅसिलॅरिडी. जर्मन कीटकशास्त्रज्ञ फिलिप क्रिस्टोफ त्सेलर यांनी १८४६ मध्ये त्याचे वर्णन केले. जातिनाम सिसिलीतील मेस्सीना शहरावरून आले आहे. पंख पसरले तरी रुंदी जेमतेम ७ ते ९ मिलिमीटर. पुढचे पंख सोनेरी-पिवळसर असून त्यांवर पांढरे पट्टे असतात. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला छळणारी नागअळी याच कुलातली आहे.

मुख्य आश्रयवृक्ष म्हणजे युरोपातला सदाहरित होम ओक. पानझडी ओक, बीच आणि चेस्टनटवरही हा पतंग आढळतो. होम ओकची पाने हिवाळ्यातही झाडावर टिकतात, त्यामुळे थंडीतही अळीच्या पोटाची सोय होते. वर्षाला तीन-चार पिढ्या सहज निघतात.

खरे नवल अळीच्या वाढीत आहे. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी थेट पानात शिरते. सुरुवातीला ती चपटी असते आणि पात्यासारख्या जबड्यांनी पेशी कापून त्यांतला रस पिते. पुढच्या काही काती टाकल्यावर तिचे रूपच पालटते: अंग गोलसर होते, जबडे चावण्याजोगे होतात आणि ती पानाचा हिरवा गर खाऊ लागते. मग आत रेशीम विणून ती खालची साल आवळते. सालीवर ठळक चुणी पडते, पान किंचित वाकते आणि दोन शिरांच्या मध्ये लहानसा तंबू उभा राहतो. कोषही तिथेच होतो. पतंग बाहेर पडताना कोष अर्धा पानाबाहेर सरकतो आणि त्याचे रिकामे टरफल तिथेच अडकून राहते.

नुसत्या पंखांवरून ही जात खात्रीने ओळखणे अवघड आहे. ओकवर तिची बरीच भावंडे राहतात, म्हणून अभ्यासक जननेंद्रियांची रचना तपासतात.

युरोपात परजीवी गांधीलमाश्या तिची संख्या आटोक्यात ठेवतात. न्यूझीलंडमध्ये हा पतंग पोहोचला तेव्हा हे शत्रू सोबत नव्हते. ओकबरोबरच तिथल्या मूळच्या बीच वृक्षांच्या पानांतही तो शिरला. अखेर १९५० च्या दशकात इंग्लंडहून दोन जातींच्या परजीवी गांधीलमाश्या आणून सोडण्यात आल्या. त्या तिथे रुजल्या आणि प्रादुर्भाव ओसरला. जैविक कीडनियंत्रणाच्या यशस्वी प्रयोगांत त्याची गणना होते.