आण्याचा छेद

एखादी गोष्ट पूर्ण खरी असेल तर ती 'सोळा आणे खरी' असे आपण आजही म्हणतो. 'शंभर पैसे खरी' असे म्हणावयास कोणाची जीभ वळत नाही. आणा व्यवहारातून कधीच गेला, भाषेत मात्र अजून खणखणीत वाजतो आहे. तो गेला कसा, ही हकीकत गणिताच्या एका साध्या रीतीशी येऊन भिडते.

जुन्या रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै होत. अर्ध्याचे अर्धे करीत जाण्याची ही चाल. अधेली, पावली, चवली, आणा ही नाणी त्याच चालीची. पूर्वीच्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत, ती याच हिशेबासाठी. दुकानदाराच्या वहीत उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा. अपूर्णांक हा शब्द ज्याने ऐकला नव्हता, तोही अपूर्णांकातच जगत होता.

१९५५ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर भाग झाले. जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून या भागास 'नवा पैसा' म्हटले. 'नवा' हे विशेषण १९६४ च्या जून महिन्यात गळाले.

आता आण्याचे काय? रुपयाचा सोळावा भाग दशांशात मांडला की ०.०६२५ येतो. उलट वाटेने जावयाचे तर दशांशचिन्हापुढे चार अंक, म्हणून छेद १०,०००, अंश ६२५. दोहोंचा महत्तम साधारण विभाजक ६२५. त्याने भागले की उरते १/१६. कागदावर दोन्ही रूपे सारखीच. पण बाजारात आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैशाचे नाणे कोठून आणणार?

म्हणून सरकारने कोष्टक दिले. एक आणा म्हणजे ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आता पाहा: रुपया एकदम मोडणाऱ्यास शंभर नवे पैसे पुरे मिळत. तेच सोळा आणे ज्याने एकेक करून मोडले, त्याच्या हाती सोळा सक शहाण्णवच पडत. चार नवे पैसे वाटेतच सांडले! आणि एकेक आणा मोडण्याची पाळी कोणावर येते, हे सांगावयास नको. दशांशातला उरलेला पाव कोणाच्या पदरी घालावयाचा हा प्रश्न गणिताचा खरा, पण झळ पोटाला बसते.

तथापि दोष सारा नव्या पद्धतीचा नव्हे. जुना रुपया तिघा भावांत बरोबर वाटला जाई, प्रत्येकी पाच आणे चार पै. कारण १९२ मध्ये ३ हा अवयव आहे. शंभरात तो नाही. म्हणून नव्या रुपयाचा तिसरा हिस्सा ०.३३३... असा न संपणारा होतो, आणि एक नवा पैसा उरतोच. उलट पाच जणांत जुन्या रुपयाची पै पुरी पडत नसे. नवा रुपया मात्र वीस-वीस पैशांनी सहज वाटला जातो. संक्षिप्त रूपातील छेदात २ आणि ५ यांवाचून दुसरा मूळ अवयव असला, की दशांश संपत नाही. दर पद्धतीला आपला असा एक न सुटणारा हिस्सा असतोच.

टक्के, व्याज, मोठ्या रकमांच्या बेरजा दशांशाने सोप्या केल्या, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र पावकी-निमकीच्या घोकंपट्टीबरोबर भाग डोळ्यांपुढे उभा करण्याची सवयही ओसरली. ०.७५ लिहिणाऱ्या मुलास 'पाऊण' म्हटले की तो क्षणभर थबकतो. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून उठले. पावलीची शेवटची वारस गेली. म्हणूनच दशांशाचा अपूर्णांक करून तो संक्षेपास आणण्याचे उदाहरण कंटाळवाणे समजू नये. ०.७५ चे ७५/१०० आणि त्याचे ३/४ होते, तेव्हा आकड्यांच्या गर्दीतून चार वाटे आणि त्यांतले तीन पुन्हा दिसू लागतात. वाटे दिसले, म्हणजे कोणाच्या वाट्याला काय आले हे विचारता येते.