ताज्या अळिंबीची साठवण

खुडल्यानंतरही अळिंबीची वाढ थांबत नाही, म्हणूनच ती टिकवणे अवघड जाते. बाजारात सर्वाधिक दिसणाऱ्या पांढऱ्या बटण अळिंबीच्या टोपीखाली कोवळेपणी एक पातळ पडदा देठाला चिकटलेला असतो. उबेत ठेवल्यास देठ लांबतो, पडदा फाटतो, टोपी छत्रीसारखी उघडते आणि आतले गुलाबीसर पापुद्रे काळपट होतात. अशी उघडलेली अळिंबी खाण्यास चालते, पण ती फार टिकणार नाही, हे ओळखून आधी संपवावी. दाबल्या गेलेल्या जागी उमटणारे तपकिरी डाग टायरोसिनेज या विकरामुळे पडतात. चिकट, खोलगट डाग मात्र बहुधा सूडोमोनास जिवाणूंचे असतात.

अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते आणि ते धरून ठेवणारी मेणचट साल तिला नसते. उघडी ठेवली की ती सुरकुतते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधली तर श्वसनातून निघालेली वाफ आतच थेंब धरते आणि बुळबुळीतपणा येतो. हवाबंद वेष्टनात आणखी मोठा धोका असतो: अळिंबी आतला ऑक्सिजन संपवते, आणि त्या स्थितीत, विशेषतः उबेत, बोटुलिनमचे जिवाणू विष तयार करू शकतात. विकतच्या डब्यावरील पातळ कागदाला भोके असतात ती याचसाठी. ती झाकू नयेत.

व्यापारी साठवणीत ० ते २ अंश सेल्सिअस तापमान राखतात. घरी अळिंबी न धुता, न चिरता कागदी पिशवीत सैल घालून फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवणे सर्वांत चांगले. भाजीचा खण दमट असतो, तो टाळावा. उग्र वासाच्या पदार्थांपासूनही ती दूर असावी. अशी ताजी अळिंबी साधारण आठवडाभर टिकते. माती कोरड्या फडक्याने पुसावी. धुवायचीच असेल तर रांधण्याच्या तोंडावर, भरभर धुऊन लगेच निथळावी.

कोकण-गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रानअळंबी याहून नाजूक असते, ती आणल्या दिवशीच रांधलेली बरी. धिंगरी अळिंबी वाळवून हवाबंद बरणीत महिनोन्‌महिने राहते. बटण अळिंबी कच्ची गोठवल्यास बर्फाने पेशी फुटून पाणचट होते, म्हणून आधी वाफवून किंवा तेलावर परतून, पूर्ण गार करून मगच फ्रीझरमध्ये ठेवतात.