फ्लाइटगिअर : घरच्या कॉम्प्युटरवर फुकटात विमान उडवून बघा

मोबाइलवरचे विमानाचे गेम्स तुम्ही खेळलेच असतील. बोट वर सरकवलं की विमान वर, खाली सरकवलं की खाली. फ्लाइटगिअरमध्ये असं चालत नाही. नाक जास्त वर केलंत की वेग पडतो, पंखांना हवेचा आधार मिळेनासा होतो आणि विमान खाली यायला लागतं. याला स्टॉल म्हणतात. वजन, वारा, इंजिनची ताकद या सगळ्याचा हिशोब हे सॉफ्टवेअर सतत करत असतं, म्हणून ते गेम नाही, सिम्युलेटर आहे.

फ्लाइटगिअर म्हणजे काय?

या प्रोजेक्टची कल्पना १९९६ साली मांडली गेली आणि तेव्हापासून जगभरातले स्वयंसेवक ते बनवत आले आहेत. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालतं. फोनसाठी मात्र नाही, त्यामुळे घरातला पीसी किंवा लॅपटॉप लागेलच. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या फ्लाइट सिम्युलेटरला १५० जीबी जागा लागते. त्यामानाने हे फारच हलकं आहे. ग्राफिक्स तितके देखणे नाहीत, हेही खरं.

पैसे मागितले तर?

देऊ नका! फ्लाइटगिअर जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली येतं. या परवान्यात सॉफ्टवेअरच्या प्रती विकायला बंदी नाही. याचा फायदा घेऊन काही जणांनी हेच सॉफ्टवेअर नाव बदलून, चकचकीत जाहिराती करून विकलं आहे. आत माल तोच. म्हणून डाउनलोड फक्त फ्लाइटगिअर डॉट ऑर्ग या अधिकृत साइटवरूनच करा.

इन्स्टॉल केल्यावर एक लाँचर उघडतो. तिथे विमान आणि विमानतळ निवडायचा. मुंबईचा कोड व्हीएबीबी, पुण्याचा व्हीएपीओ, नागपूरचा व्हीएएनपी (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं). तुम्ही जिथे उडाल तिथली जमीन, डोंगर, धावपट्ट्या इंटरनेटवरून आपोआप उतरवल्या जातात. फोनच्या हॉटस्पॉटवर असाल तर डेटा पॅककडे लक्ष ठेवा. आणि स्क्रीनवर सगळा काळोख दिसला तर घाबरू नका, निवडलेल्या ठिकाणी त्या वेळी रात्र असेल. वेळ बदलून दुपार करा.

पहिलं उड्डाण

सुरुवात सेसना १७२ नेच करा. जगात सर्वात जास्त संख्येने बनलेलं विमान हेच, आणि असंख्य पायलट यावरच शिकले आहेत. थेट बोइंग घेण्याचा मोह होतो, पण त्यात अर्धा तास नुसती बटणं शोधण्यात जातो.

वरच्या मेनूत सेसनाच्या नावाखाली ऑटोस्टार्ट आहे, त्याने इंजिन सुरू होतं. विमान जागचं हलत नसेल तर पार्किंग ब्रेक लागलेला असतो, शिफ्ट धरून बी दाबा. पेज अप दाबत राहिलात की इंजिनचा जोर वाढतो. आता गंमत बघा : विमान डावीकडे ओढलं जाईल. तुमचं काही चुकलेलं नाही, फिरत्या पंख्यामुळे खऱ्या सेसनातही हेच होतं. एंटर की म्हणजे उजवा रडर, तो थोडा थोडा देत विमान धावपट्टीच्या मधल्या रेषेवर ठेवा.

वेग ५५ नॉटच्या आसपास आला की खालचा बाण हलकेच दाबा. हो, खालचाच, कारण पायलट दांडा स्वतःकडे ओढतो तेव्हा नाक वर जातं. मग वेगाच्या काट्यावर नजर ठेवून ७५ नॉटच्या आसपास चढत राहा. काटा ५० च्या खाली घसरायला लागला तर नाक आधी खाली करा, मग जोर वाढवा. नवीन माणूस नेमकं उलटं करतो, घाबरून नाक आणखी वर ओढतो, आणि तिथेच विमान पडतं.

कीबोर्डने झटके बसत असतील तर टॅब दाबून माउसने चालवा. स्क्रीन अडखळत असेल तर थ्रीडी ढग बंद करा, जुन्या लॅपटॉपवर बराच फरक पडतो. उतरणं सगळ्यात अवघड आहे, पहिल्या दहा लँडिंगमध्ये चाकं मोडली तर नवल नाही.

पायलट व्हायचं असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या : भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि त्यात घरच्या कॉम्प्युटरवरचा एकही तास धरत नाहीत. पण कॉकपिटमधला कुठला काटा काय सांगतो, हे फ्लाइंग क्लबची फी भरण्याआधीच घरी बसून कळतं.