कुंपणाच्या दोन बाजू : अवकाशयुगाच्या पहिल्या बातमीदारांच्या आठवणी

#धागा #इतिहास #अवकाशयुग

१/ ६ डिसेंबर १९५७. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील केप कॅनाव्हेरल. अमेरिकेचा पहिला उपग्रह घेऊन व्हॅनगार्ड रॉकेट निघाले, जेमतेम चार फूट उचलले गेले आणि दोन सेकंदांत पुन्हा तळावर कोसळून पेटले. आगीबाहेर फेकला गेलेला तो चिमुकला उपग्रह जमिनीवर पडूनही इमानाने संकेत पाठवत राहिला. सोव्हिएत संघाच्या स्पुटनिकला तेव्हा दोनच महिने झाले होते. वर्तमानपत्रांनी या प्रयत्नाचे नामकरण केले 'फ्लॉपनिक' आणि 'कपुटनिक'.

२/ अवकाशयुगाचा इतिहास सहसा रॉकेटांचा आणि अंतराळवीरांचा म्हणून सांगितला जातो. परंतु तो जगापर्यंत पोहोचवणाऱ्या बातमीदारांचाही एक इतिहास आहे. कोणाला काय पाहू दिले गेले, कोणी पाहूनही काय लिहिले नाही आणि त्या मौनाची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न त्यांच्या आठवणींतून समोर येतात.

३/ आरंभी केप कॅनाव्हेरल हे लष्करी क्षेपणास्त्रांचे चाचणीस्थळ होते. बातमीदारांना आत सहज प्रवेश नव्हता. कोको बीचच्या वाळूत दुर्बिणी रोखून ते क्षितिजावरच्या उजेडाची वाट पाहत बसत. चाचणी कधी आहे याचा अंदाज गावातील मोटेलांमध्ये आणि मद्यालयांत रंगणाऱ्या गप्पांवरून बांधावा लागे. १९५८ साली नासाची स्थापना झाली. ही संस्था नागरी होती आणि तिचा कारभार जगासमोर चालावा, अशी अपेक्षा होती. त्यानंतर हे चित्र हळूहळू पालटले.

४/ वाळूतल्या त्या पिढीपैकी एक होते एनबीसीचे जे बार्ब्री. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड यांनी केलेल्या १५ मिनिटांच्या उड्डाणापासून २०११ मधील अखेरच्या स्पेस शटलपर्यंत, अमेरिकेच्या १६६ मानवी मोहिमांचे वार्तांकन त्यांनी केले. एकही मोहीम चुकली नाही. अर्धशतकाचा असा सलग साक्षीदार इतिहासाला क्वचितच लाभतो.

५/ त्या काळच्या बातमीदारांमध्ये एक किस्सा पुढे कायम सांगितला जाई. १२ एप्रिल १९६१ च्या पहाटे चारच्या सुमारास एका बातमीदाराने मर्क्युरी प्रकल्पाचे प्रवक्ते जॉन 'शॉर्टी' पॉवर्स यांना दूरध्वनी केला. युरी गागारीन अवकाशात गेल्याची बातमी आली होती. त्यावर प्रतिक्रिया हवी होती. झोपमोड झालेले पॉवर्स वैतागून म्हणाले, इथे आम्ही सगळे झोपलो आहोत. मथळा झळकला : सोव्हिएतांनी माणूस अवकाशात धाडला, प्रवक्ता म्हणतो अमेरिका झोपेत आहे!

६/ याच पॉवर्स यांच्यामुळे स्मृतीच्या मर्यादांचा एक धडाही मिळतो. शेपर्ड यांनी उड्डाणात 'ए-ओके' म्हटले, अशी आठवण अमेरिकेत घराघरांत रुजली. ध्वनिफिती पुन्हा ऐकल्यावर मात्र लक्षात आले, की शेपर्ड यांनी तो शब्द उच्चारलेलाच नव्हता. तो पॉवर्स यांच्या निवेदनातून आला होता. आठवण प्रामाणिक असूनही चुकीची असू शकते. म्हणून इतिहासात साक्षीला पुराव्याची जोड लागते.

७/ आता कुंपणाची दुसरी बाजू. गागारीन यांच्या उड्डाणापूर्वी तास या सोव्हिएत वृत्तसंस्थेसाठी तीन निवेदने तयार ठेवण्यात आली होती. एक यशाचे, दुसरे यान परदेशी भूमीवर किंवा समुद्रात उतरल्यास मदतीच्या आवाहनाचे आणि तिसरे मृत्यूचे. मॉस्को रेडिओवर युरी लेवितान यांच्या भारदस्त आवाजात जगाने पहिले निवेदन ऐकले. उरलेली दोन आहेत, हे श्रोत्यांना ठाऊक नव्हते.

८/ प्रक्षेपणस्थळाचे नाव जाहीर झाले बैकोनूर. प्रत्यक्षात ते त्या नावाच्या मूळ वस्तीपासून शेकडो किलोमीटर दूर, त्युरातामजवळ होते. गागारीन यानातून वेगळे होऊन पॅराशूटने उतरले, हेही वर्षानुवर्षे दडवले गेले. वैमानिक यानातच उतरला पाहिजे असा विक्रमाचा नियम होता. आणि ज्याने हे सारे उभारले, त्याचा उल्लेख वृत्तपत्रांत केवळ 'मुख्य रचनाकार' असाच होई.

९/ 'कोमसोमोल्स्काया प्राव्दा'चे यारोस्लाव्ह गोलोवानोव्ह स्वतः रॉकेटशास्त्र शिकलेले अभियंते होते. 'मुख्य रचनाकार' म्हणजे सर्गेई कोरोल्योव्ह, हे त्यांना माहीत होते; दोघांचा प्रत्यक्ष परिचय होता. परंतु ते नाव छापता येत नव्हते. स्वतः कोरोल्योव्ह 'प्राव्दा'त लेख लिहीत, तेही 'प्राध्यापक के. सर्गेयेव्ह' या टोपणनावाने. १४ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले आणि मृत्युलेखातून देशाला आपल्या शिल्पकाराचे नाव प्रथमच कळले. ज्या बातमीदाराकडे अवकाशयुगाची सर्वांत मोठी बातमी होती, त्याला ती माणूस गेल्यावरच लिहिता आली.

१०/ त्याहून जड मौन आणखी एका नावावर होते. व्हॅलेंटिन बोंदारेन्को, वय २४, सोव्हिएत अंतराळवीरांच्या पहिल्या तुकडीतील सर्वांत तरुण. २३ मार्च १९६१ रोजी, गागारीन यांच्या उड्डाणाच्या २० दिवस आधी, ते एकांतवासाच्या चाचणीत होते. कक्षातील हवेत प्राणवायूचे प्रमाण वाढवलेले होते. अंग पुसून टाकलेला स्पिरिटचा कापूस तापलेल्या शेगडीवर पडला आणि कक्षाने पेट घेतला. काही तासांतच त्यांचा मृत्यू झाला. बातमी कुठेही आली नाही.

११/ २७ जानेवारी १९६७. केप येथे जमिनीवरील सरावात अपोलो १ ला आग लागली. केबिनमध्ये निव्वळ प्राणवायू होता. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी यांचा अंत झाला. बोंदारेन्को यांची बातमी तेव्हा जगाला ठाऊक असती तर हे टळले असते का, याचे उत्तर इतिहास देऊ शकत नाही. प्राणवायूचा धोका अमेरिकेलाही अपरिचित नव्हता. मात्र एका देशातील मृत्यू दुसऱ्या देशासाठी इशारा ठरण्याची शक्यता मौनाने पुसून टाकली, एवढे निश्चित.

१२/ अमेरिकेची बाजूही स्वच्छ नव्हती. १९५९ सालीच सात अंतराळवीरांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या खासगी कहाण्यांचे हक्क 'लाइफ' नियतकालिकाने ५ लाख डॉलरना घेतले होते. वाचकांना दिसली ती पारखून निवडलेली, डागविरहित घरे. इतर बातमीदारांना हा सौदा सतत खुपत राहिला. अपोलोच्या कंत्राटदाराच्या कामातील उणिवांवर १९६५ साली नासातच तयार झालेला टीकात्मक अहवाल उघड झाला तो आगीनंतर, संसदेच्या चौकशीत. उड्डाण उघड्यावर होत होते, कागद नव्हे.

१३/ तरीही जे उघड्यावर होते, त्याचा परिणाम विलक्षण होता. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी महाकाय सॅटर्न-५ प्रथमच झेपावले. पाच किलोमीटरहून अधिक अंतरावर असलेला सीबीएसचा प्रसारणकक्ष हादरू लागला. छताचे तुकडे गळू लागले आणि वॉल्टर क्रॉन्काइट खिडकीची काच दोन्ही हातांनी दाबून धरत थेट प्रक्षेपणात निवेदन करत राहिले. २० जुलै १९६९ रोजी चांद्रयान उतरले, तेव्हा याच क्रॉन्काइट यांनी चष्मा काढला, हात चोळले आणि त्यांच्या तोंडून धड वाक्यही फुटले नाही. तयारीला नासाइतकीच वर्षे मिळूनही ऐन वेळी शब्द सापडले नाहीत, असे ते पुढे अनेकदा हसत सांगत. त्यांचे ते निःशब्द होणे आज त्या क्षणाचे सर्वांत विश्वसनीय वार्तांकन वाटते.

१४/ पाहणाऱ्यांना स्वतः वर जाण्याचीही आस होती. १९६५ साली कोरोल्योव्ह यांच्या पुढाकाराने गोलोवानोव्ह यांच्यासह तीन सोव्हिएत पत्रकार उड्डाणासाठी निवडले गेले. कोरोल्योव्ह गेले आणि बेत बारगळला. वीस वर्षांनी नासाने पत्रकाराला शटलमधून नेण्याचे ठरवले. दीड हजारांहून अधिक अर्ज आले. त्यात क्रॉन्काइटही होते, बार्ब्रीही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर सात जणांसह नष्ट झाले आणि तोही बेत संपला.

१५/ त्याच १९८६ च्या एप्रिलमध्ये, ग्लासनोस्तच्या उंबरठ्यावर, 'इझ्वेस्तिया'त गोलोवानोव्ह यांची लेखमाला आली. तिच्यात बोंदारेन्को यांचे नाव आणि त्यांचा मृत्यू २५ वर्षांनी छापला गेला. पुढे १९९४ मध्ये त्यांनी कोरोल्योव्ह यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. उमेदीच्या काळात जे लिहिता आले नाही ते त्यांनी साठवून ठेवले होते. विसरले मात्र नव्हते.

१६/ २ डिसेंबर १९९० रोजी अखेर एक पत्रकार अवकाशात पोहोचला. तो ना केपच्या वाळूतला होता, ना मॉस्कोचा. जपानच्या टीबीएस वाहिनीचे तोयोहिरो अकियामा सोयूझमधून मीर स्थानकाकडे निघाले आणि तेथून त्यांनी थेट वार्तांकन केले. त्यांचे उड्डाण झाले त्याच तळावरून, ज्याचा खरा ठावठिकाणा एकेकाळी जगापासून दडवला गेला होता.

१७/ व्हॅनगार्डची फजिती पहिल्याच दिवशी जगजाहीर झाली. बोंदारेन्को यांच्या मृत्यूला छापील ओळ मिळायला पाव शतक लागले. चार फुटांवरून कोसळलेल्या रॉकेटाची थट्टा झाली, हे त्या काळी अमेरिकेला झोंबले. पण थट्टा करायला कोणी तरी तेथे उपस्थित होते, म्हणूनच त्यानंतरच्या यशावर जगाने विश्वास ठेवला.

(धागा समाप्त)