वाचनालयाची कथास्पर्धा आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीची एक बक्षीस कमिटी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा. विषय आपल्या गावचा आहे.

आपल्या वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर गेल्या आठवड्यात एक सूचना लागली. ‘खुली लघुकथा स्पर्धा. वयाची अट नाही.’ वाचून बरं वाटलं. वर्तमानपत्रं चाळायला येणारी आठ-दहा पेन्शनर मंडळी आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं सोडली तर तिथं फारसं कुणी फिरकत नाही, अशी आपलीच तक्रार असते. तिथं कुणीतरी काहीतरी करतंय, याचा आनंद झाला.

मग खालच्या बारीक अक्षरातले नियम वाचले. प्रवेश शुल्क दीडशे रुपये. कथा टाइप करून ई-मेलनेच पाठवावी, हस्तलिखित स्वीकारले जाणार नाही. कथा प्रमाण भाषेत असावी.

वयाची अट नाही, हे खरं. पण या तीन ओळींतून आत कोण येणार आणि बाहेर कोण राहणार, हे मनातल्या मनात मोजून बघा. वाचनालयाच्या मंडळींचा हेतू वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. त्यातले निम्मे माझ्या रोजच्या चहाच्या टपरीवरचे आहेत. पण या नियमांवरून मला एक जुनी गोष्ट आठवली, ती आधी सांगतो.

साल १८४८. पुण्यात त्या एका वर्षात दोन गोष्टी सुरू झाल्या. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांच्या पुढाकारानं एक सार्वजनिक ग्रंथालय निघालं, तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. आणि जोतीराव फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. ग्रंथालयं त्या काळात महाराष्ट्रात नुकती कुठं रुजत होती. रत्नागिरीचं १८२८ चं, नगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं. पुढं १८५० ला कोल्हापूरचं आलं. यातल्या बऱ्याच संस्थांचं मूळ नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असंच होतं. साहेब अधिकारी, संस्थानिक, सरदार, शिकलेले कारकून आणि वकील यांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर त्या उभ्या राहिल्या. नावात ‘जनरल’ असलं तरी आत बसणारी माणसं थोडीच होती. ज्यांना अक्षरच शिकू दिलं नव्हतं, त्यांना वाचनालय खुलं असलं काय आणि बंद असलं काय, सारखंच.

आता बक्षिसाची गोष्ट. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची प्रथा होती. पेशवाई गेली, तरी इंग्रजांनी ती कमी प्रमाणात चालू ठेवली. १८४९ च्या सुमारास पुण्यातल्या काही सुधारक तरुणांनी सरकारकडं अर्ज केला, की या पैशातला काही भाग चांगली मराठी पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. लोकहितवादीही याच मताचे. म्हणजे ज्या मंडळींना ग्रंथालय हवं होतं, त्यांनाच लेखनाला बक्षीसही हवं होतं. वाचक घडवायचा आणि लेखकही, हा विचार आपल्याकडं इतका जुना आहे.

या अर्जावर पुण्यात मोठा गदारोळ झाला. सनातनी मंडळी चवताळली. अर्जदारांना मारहाण होते की काय, अशी वेळ आली तेव्हा जोतीराव आपल्याबरोबर महार-मांग समाजातली दोनशे माणसं घेऊन त्यांच्या संरक्षणाला गेले, असं त्यांच्या चरित्रात सांगितलंय. पुढं दक्षिणा प्राइज कमिटी नेमली गेली आणि मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली. मराठी गद्याला तिचा फायदा झाला, हे नाकारता येणार नाही.

पण १८५५ ला काय झालं बघा. ज्या बक्षिसासाठी जोतीराव उभे राहिले, त्याच कमिटीकडं त्यांनी स्वतःचं एक नाटक पाठवलं. ‘तृतीय रत्न’. एका गरोदर कुणब्याच्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला एक जोशी ग्रहांची भीती घालून कसा लुबाडतो, त्यापायी ते कर्जात कसे बुडतात आणि शेवटी दोघं नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जायचं कसं ठरवतात, असं ते नाटक. यातली माणसं ग्रंथातलं मराठी बोलत नाहीत, घरात आणि रस्त्यावर बोलतात तसं बोलतात.

कमिटीनं ते नाकारलं. भट सभासदांच्या आग्रहापुढं युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं फुल्यांनी नंतर स्वतः लिहून ठेवलंय. नाटक तसंच पडून राहिलं. ते छापून लोकांच्या हातात आलं १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकातून. मधे किती वर्षं गेली? एकशे चोवीस. आज मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्याला ‘तृतीय रत्न’ ओलांडून पुढं जाता येत नाही. त्या वर्षी बक्षीस मिळवलेली पुस्तकं कोणती, ते मात्र आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

आणि याच १८५५ सालात, याच पुण्यात, फुल्यांच्या शाळेतल्या एका मुलीनं निबंध लिहिला. तिचं नाव मुक्ता साळवे. मांग समाजातली मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं. धर्म म्हणजे काय, आम्हाला कोणता धर्म, असे प्रश्न सरळ विचारले. ‘ज्ञानोदय’नं ते दोन भागांत छापलं. दलित स्त्रीचं पहिलं छापील लेखन म्हणून आज त्या निबंधाकडं बघितलं जातं. मोल्सवर्थबरोबर कोशाचं काम केलेले मेजर कँडी शाळेत खाऊ वाटायला आले, तेव्हा या मुक्तानं खाऊ नको, आम्हाला ग्रंथालय द्या असं सांगितलं, ही आठवणही तिच्या नावानं सांगितली जाते.

एका वर्षात एका शहरात या दोन गोष्टी घडल्या. शहाण्यासुरत्यांच्या कमिटीनं एक मोठं नाटक परत पाठवलं. आणि शाळकरी पोरीनं लिहिलेलं एका संपादकानं छापलं. फरक लेखनाच्या दर्जाचा होता का? दारात कोण उभं होतं आणि त्यानं काय नियम लावला, याचा होता.

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्याला बराचसा माहीत आहे. १८९० ला हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ काढलं आणि त्यातून ‘स्फुट गोष्टी’ लिहिल्या. १८९५ ला का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ सुरू केलं, १९०९ ला त्याचा पहिला दिवाळी अंक निघाला. मराठी लघुकथा वाढली ती अशा मासिकांमधून. ‘मनोरंजन’नं बायकांना लिहितं केलं, हे त्याचं मोठं काम. आणि ती मासिकं वाचली जायची कुठं? बहुतेक वाचनालयात. घरी विकत घेणारे किती असणार!

लिहायला वय लागतं का, शाळा लागते का, यालाही उत्तरं आहेत. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ ला आला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत गेले दीड दिवस. त्यांनी ‘फकिरा’ लिहिली आणि १९६१ ला तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. यांच्यापुढं आपण ‘टाइप करून ई-मेलनेच’ अशी पाटी लावली असती तर?

वाचनालयानं सगळ्या वयाच्या लोकांपर्यंत जायचं म्हणजे काय, हे करून दाखवलं ते आपल्याच माणसानं. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोर बडोद्याच्या गादीवर बसला. सयाजीराव गायकवाडांनी आधी सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. मग लक्षात आलं, की शाळा सोडल्यावर वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं विसरून जातात. म्हणून १९१० ला अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि राज्यभर मोफत वाचनालयं उभी करायला घेतली. हिशेब साधा होता. गावानं जेवढे पैसे जमवायचे, तेवढेच सरकारनं घालायचे आणि तेवढेच प्रांत पंचायतीनं. जिथं वाचनालय नाही तिथं पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या जायच्या. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बायकांसाठी वेगळी सोय होती, मुलांसाठी खेळायची-वाचायची खोली होती. शंभर वर्षांपूर्वी! वाचक येत नाही म्हणून कुणी गळा काढला नाही, पेटी घेऊन वाचकाच्या दारात गेले.

आपल्या राज्यात ग्रंथालयाचा कायदा झाला १९६७ ला. त्यात ग्रंथालय कर नाही. गावोगावच्या संस्थांनी वाचनालय चालवायचं, सरकारनं अ, ब, क, ड वर्गाप्रमाणं अनुदान द्यायचं, अशी पद्धत. अशी हजारो वाचनालयं राज्यात आहेत. अनुदान वेळेवर येत नाही, त्यात भाडं, लाइटबिल, पुस्तकं आणि ग्रंथपालाचा पगार भागवायचा. ग्रंथपालाला मिळतात ते पैसे सांगायलाही लाज वाटते. त्यामुळं दीडशे रुपये शुल्क का लावलं, हे मला कळतं. हस्तलिखित का नको, तेही कळतं. परीक्षक साठीच्या पुढचे आहेत आणि लोकांची अक्षरं आपल्याला माहीतच आहेत. हल्ली मोबाईलला सांगून गोष्ट लिहून घेता येते, ती भीती वेगळीच. खरं तर त्यावर हस्तलिखित हाच थोडाफार उपाय आहे!

आता एक कबुली. आठ-दहा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाच्या निमित्तानं मलाही कथांचा परीक्षक केलं होतं. चाळीसेक कथा होत्या. एक वहीच्या पानांवर पेन्सिलीनं लिहिलेली. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, परिच्छेद नाही, बोली अशी की दोन ओळीतच मी थांबलो. बातम्यांची घाई होती. पान उलटलं आणि बाजूला ठेवली. निकाल लागल्यावर एक बाई आल्या, रोजंदारीवर जाणाऱ्या. ‘दादा, माझी वही तेवढी परत द्या, पोरीला पुढची पानं लिहायला होतील,’ म्हणाल्या. मी वही दिली. रागावल्या नाहीत, काही विचारलंही नाही. त्या गोष्टीत काय होतं ते मला आजही माहीत नाही. दक्षिणा प्राइज कमिटीला नावं ठेवताना मला ती वही आठवते. त्या कमिटीनं निदान नाटक वाचून तरी नाकारलं असेल. मी वाचलंच नव्हतं.

म्हणून परवा वाचनालयाच्या कार्यकारिणीतल्या मंडळींना भेटलो. भांडायला गेलो नव्हतो, काही गोष्टी सुचवायला गेलो होतो.

एक, हस्तलिखित घ्या. टाइप करायचं काम आपल्या कॉलेजच्या पोरापोरींना द्या. मीही रोज एक कथा टाइप करून देईन. मात्र टाइप करताना भाषा सुधारायची नाही, जशी आहे तशी उतरवायची.

दोन, वयाची अट नाही याचा अर्थ सातवीतल्या मुलीला सत्तरीतल्या निवृत्त मास्तरांशी झुंजवायचं असा नको. गट वेगळे ठेवा. बक्षीस पुस्तकांचं द्या, छोटं असलं तरी चालेल.

तीन, परीक्षकांकडं जाताना कथेवर नाव, आडनाव, गाव नको. फक्त नंबर. आडनाव वाचलं की आपल्या डोक्यात काय काय सुरू होतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

चार, ‘प्रमाण भाषेत’ ही ओळ काढा. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन केलं, तेव्हा लोक तास-तास बसून ऐकायचे. त्यातली माणसं कोणत्या भाषेत बोलायची? आपल्याच वाचनालयात त्यांची पुस्तकं शिवून शिवून वाचली गेलीत.

पाच, निकालाच्या दिवशी निवडक कथा लेखकांनीच वाचून दाखवाव्यात. आणि आलेल्या सगळ्या कथा, बक्षीस मिळो न मिळो, बांधून वाचनालयात ठेवाव्यात. एकशे चोवीस वर्षांनी कुणाला काय सापडेल, कुणी सांगावं.

मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलं. हस्तलिखित घ्यायला ते तयार झालेत. शाळकरी मुलांचं शुल्कही माफ होणार. नावाऐवजी नंबर टाकायला कुणाची हरकत नाही. भाषेच्या ओळीवर मात्र अडलंय. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘वाचनालयानं शुद्ध मराठी जपायची नाही तर कुणी?’ त्यांचा प्रश्न खोटा नाही. त्यांनी आयुष्यभर या गावातल्या मुलांना मराठी शिकवलीय, त्यात मीही एक. पण सर, ‘तृतीय रत्न’मधली ती कुणब्याची बाई शुद्ध बोलली असती, तर तिचं दुःख आपल्यापर्यंत पोचलं असतं का?

रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयात बैठक आहे. सभासदांना बसता येतं, बोलताही येतं. ज्यांची वर्गणी थकली असेल त्यांनी भरून या. आणि ज्यांच्याकडं गोष्ट आहे, कुठल्याही भाषेतली, कुठल्याही कागदावरची, त्यांनी ती घेऊन या. टाइप करायला मी बसतोय.

त्या वहीवाल्या ताईंपर्यंत ही पोस्ट कुणी पोचवली, तर उपकार होतील. या वेळी शेवटपर्यंत वाचीन.